थांबा नसलेला फलाट

टोकियोच्या कान्दा भागात, जमिनीपासून एक मजला वर, काचेची एक अरुंद खोली आहे. तिच्या दोन्ही अंगांना रेल्वेचे रूळ आहेत आणि त्यांवरून चुओ मार्गाच्या नारिंगी पट्ट्याच्या गाड्या दिवसभर ये-जा करतात. एकीकडून टोकियो स्थानकाकडे जाणारी गाडी सरकते, तिचा शेवटचा डबा दिसेनासा होतो न होतो तोच दुसरीकडून शिंजुकूकडे निघालेली गाडी येते. गाडी इतक्या जवळून जाते की दाराशी उभ्या असलेल्या माणसाने पुस्तकाचे कोणते पान उघडले आहे हेही क्षणभर दिसावे. मात्र इथे एकही गाडी थांबत नाही. १९४३ साली हे स्थानक बंद झाले, आणि आज त्याच्या फलाटावर माणसे कॉफी पीत बसतात.

या जागेचे आजचे नाव ‘माच एक्यूट कान्दा मान्सेइबाशी’ असे लांबलचक आहे. ईस्ट जपान रेल्वेने जुन्या मान्सेइबाशी स्थानकाच्या विटांच्या कमानींमध्ये वसवलेले हे छोटेसे खरेदी-खाण्याचे ठिकाण १४ सप्टेंबर २०१३ रोजी सुरू झाले. मी निशी-कासाईत राहते. त्या उपनगरात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि मराठी माणसाला लागणारे बहुतेक सगळे किराणा सामान तिथे हाताशी मिळते. त्यामुळे शहराच्या मध्यभागी मी खरेदीसाठी फारशी जात नाही. तरीही वर्षातून पाच-सहा वेळा मी या कमानींकडे जातेच. मागच्या वसंतात माझे वडील महिनाभर माझ्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांनाही घेऊन गेले. बाबा मध्य रेल्वेत स्टेशन मास्तर होते. छत्तीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले, आणि त्यांतली बरीचशी वर्षे त्यांनी अशा लहान स्थानकांवर काढली, जिथे थांबणाऱ्या गाड्यांपेक्षा न थांबता पुढे जाणाऱ्या गाड्याच जास्त असत. या जागेचे मला नेमके काय आवडते हे त्यांच्यासोबत तिथे गेल्यावर जास्त नीट कळले, म्हणून त्याच दिवसाबद्दल लिहिते आहे.

आम्ही आकिहाबाराला उतरलो. विजेच्या वस्तूंच्या बाजाराकडे उघडणाऱ्या दारातून बाहेर पडले की डोळ्यांवर फलकांचा मारा होतो. सात-आठ मजली दुकाने, खेळण्यांची चित्रे, ध्वनिक्षेपकांवरून अखंड चाललेली बोलावणी. बाबांनी माझा हात धरला. तिथून दक्षिणेला चार-पाच मिनिटे चालले की कान्दा नदी लागते आणि नदीवर मान्सेइबाशी पूल. पुलाच्या नावातल्या चिन्हांचा अर्थ ‘दहा हजार पिढ्या’ असा होतो. पहिला पूल १८७३ साली दगडात बांधला गेला, आणि त्यासाठी एडो किल्ल्याच्या पाडलेल्या एका दरवाज्याचे दगड वापरले गेले. आजचा पूल १९३० सालचा आहे. पुलाच्या मध्यावर उभे राहून उजवीकडे पाहिले की गजबजाट एकदम मागे पडतो. समोर नदीला लागून लाल विटांच्या कमानींची एक लांब रांग दिसते. त्यांच्या माथ्यावरून रेल्वे जाते, आणि कमानींच्या पोटात पिवळसर दिवे लागलेले असतात. बाबा म्हणाले, “अगं, हे तर आपल्या घाटातल्या जुन्या पुलांसारखं काम आहे.” विटेच्या कमानीला पाहून त्यांना आधी पूलच आठवणार, हे मला ठाऊक होते.

स्थानकाची हकिकत मी त्यांना पुलावरच सांगितली. १ एप्रिल १९१२ रोजी मान्सेइबाशी हे चुओ मार्गाचे शेवटचे स्थानक म्हणून सुरू झाले. इमारतीचा आराखडा तात्सुनो किंगो यांचा होता. दोन वर्षांनी पूर्ण झालेले टोकियो स्थानकही त्यांचेच, त्यामुळे तिथली लाल वीट आणि पांढऱ्या दगडाचे पट्टे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना मान्सेइबाशीचा थाट साधारण कसा असेल याची कल्पना करता येते. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या प्रतीक्षालयांशिवाय तिथे उपाहारगृह होते, मद्यालयही होते. समोरच्या चौकात ट्रामचे फाटे एकत्र येत, आणि सुदाचोचा तो चौक शहरातल्या सर्वांत वर्दळीच्या जागांपैकी एक होता. पण अखेरच्या स्थानकाचे वैभव मार्ग पुढे जाईपर्यंतच टिकते. १९१९ साली रूळ टोकियो स्थानकापर्यंत पोहोचले आणि वाटेत कान्दा स्थानक उघडले. १९२३ च्या महाभूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत तात्सुनोंची इमारत गेली. १९२५ पासून पलीकडच्या आकिहाबारात प्रवासी गाड्या थांबू लागल्या. १९३६ साली रेल्वेचे संग्रहालय इथे आले आणि स्थानक त्या संग्रहालयाचा एक कोपरा होऊन राहिले. मग युद्धाच्या काळात, १ नोव्हेंबर १९४३ रोजी, त्याचे दरवाजे बंद झाले. संग्रहालय मात्र २००६ पर्यंत इथेच होते. शिंकान्सेन या बुलेट ट्रेनचे नाकाड आणि वाफेच्या इंजिनाचे तोंड दाराशी मांडलेले ते संग्रहालय टोकियोतल्या कित्येक पिढ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिले आहे. पुढच्या वर्षी १४ ऑक्टोबरला, म्हणजे जपानमध्ये १८७२ साली पहिली रेल्वे सुरू झाली त्याच तारखेला, ते नव्या रूपात सायतामा प्रांतातल्या ओमियाला उघडले.

“म्हणजे एकतीस वर्षं,” बाबा म्हणाले. १९१२ ते १९४३. त्यांच्या स्वतःच्या नोकरीपेक्षा पाच वर्षे कमी.

आत शिरल्यावर पहिली जाणीव होते ती मापाची. आपल्याकडच्या किंवा इथल्याही मोठ्या मॉलमध्ये जागा आधी मोकळी केलेली असते आणि मग ती दुकानांमध्ये वाटलेली असते. इथे कमान आधी होती, दुकान नंतर आले. त्यामुळे प्रत्येक दुकान कमानीएवढेच. छत गोलाकार, भिंती जाड, आणि वाढायला जागा कुठेच नाही. एका कमानीतून दुसरीत जाण्यासाठी मधल्या भिंतींमध्ये वाटा आहेत. पहिल्या कमानीत उभे राहिले की दुसरी, तिच्यातून तिसरी, तिच्यातून त्यापुढची अशी दिव्यांची ओळ दिसत जाते, आणि आपण दुकानात आहोत की एखाद्या जुन्या वाड्याच्या एकामागून एक सोप्यांमधून चाललो आहोत असा भास होतो. भिंतींना गुळगुळीत करण्याच्या फंदात कोणी पडलेले नाही. वीट विटेसारखी आहे, काँक्रीट काँक्रीटसारखे खडबडीत आहे. देखणेपणासाठी वरून काही चढवलेले मला तरी दिसले नाही. डोक्यावरून गाडी गेली की एक घुमणारा आवाज छताच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. पहिल्यांदा आलेले लोक त्या आवाजाने वर पाहतात, दुकानदार पाहत नाहीत. बाबांनीही वर पाहिले नाही.

इथली दुकाने बदलत राहतात. दहा-बारा वर्षांत मी काही बंद झालेली आणि काही नवी आलेली पाहिली, म्हणून एखाद्या दुकानाची शिफारस करण्यात अर्थ नाही. पण निवडीचा एक सूर कायम राहिला आहे. वस्तू थोड्या, त्यांच्यामागची माणसे माहीत असलेली, आणि विकणाऱ्याला वस्तूविषयी दोन शब्द सांगता यावेत अशा. त्या दिवशी बाबांच्या हातात एक तेनुगुई आली. तेनुगुई म्हणजे साध्या विणीचे, साधारण हातभर रुंद आणि दोन हात लांब सुती कापड. हात-तोंड पुसायला, डोक्याला बांधायला, डबा गुंडाळायला असे ते सगळ्याला चालते. बाबांनी ते दोन्ही हातांत पसरले आणि म्हणाले, “हा तर पंचा.” मी ते दुकानातल्या मुलीला सांगितले, की माझे वडील म्हणतात आमच्याकडे अगदी असेच कापड असते. तिने ते उलटे करून दाखवले. निळ्या लाटांची नक्षी दोन्ही बाजूंना सारखीच होती, कारण कापडाच्या घड्या एकावर एक ठेवून वरून रंग ओततात आणि तो सगळ्या थरांतून आरपार जातो. मग तिने कापडाची टोके पुढे केली. त्यांना शिवण नव्हती. सुरुवातीच्या काही धुण्यांत तिथून सुते सुटतील, ती ओढू नका, कात्रीने कापा, काही दिवसांनी ती आपोआप थांबतील, असे तिने समजावले. टोके मोकळी ठेवल्यामुळे कापड लवकर वाळते आणि शिवणीत ओल साठत नाही. तेनुगुई गुंडाळून, कागदाची कडा बोटाने दाबून, दोन्ही हातांनी तिने ती बाबांना दिली. बाबांनीही ती दोन्ही हातांनी घेतली. त्या पूर्ण व्यवहारात त्यांना एकमेकांचा एकही शब्द कळला नव्हता, आणि माझी फारशी गरजही पडली नव्हती.

नदीच्या बाजूला कमानींना लागून लाकडी सज्जा आहे. तिथे उभे राहिले की पाणी अगदी पायाखाली दिसते. पलीकडच्या काठावर इमारतींच्या पाठी दिसतात, वातानुकूलन यंत्रे, नळ, आणीबाणीचे जिने. शहराने नदीकडे पाठ फिरवून घरे बांधली, ही तक्रार आपल्या गावांबद्दलही करता येईल. या सज्जामुळे निदान एका काठाने तोंड नदीकडे वळवले आहे. मला ही या ठिकाणाची सर्वांत चांगली गोष्ट वाटते, कारण त्यासाठी कोणाला काही विकत घ्यावे लागत नाही. माणसे येतात, कठड्याला टेकतात, मधूनच जाणारी एखादी नाव पाहतात आणि जातात.

वाचनासाठी राखलेल्या एका कोपऱ्यात जुन्या मान्सेइबाशी स्थानकाची प्रतिकृती ठेवलेली आहे. ट्राम, चौक, स्थानकाची लाल इमारत आणि तिच्यासमोर नौदल अधिकारी हिरोसे ताकेओ यांचा पुतळा. हा पुतळा १९४७ साली काढून टाकला गेला. म्हणजे त्या प्रतिकृतीत दिसणाऱ्या गोष्टींपैकी आज जवळपास काहीच नाही, फक्त मागच्या कमानी आहेत, आणि त्या कमानींच्याच पोटात उभे राहून आपण त्यांची प्रतिकृती पाहत असतो. बाबा वाकून बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, “तिकीट खिडकी कुठे असेल गं?”

हा प्रश्न त्यांना का पडला हे मला लगेच उमगले. ते ज्या स्थानकावर सर्वांत जास्त वर्षे होते, तिथल्या तिकीट खिडकीला काळ्या दगडाची फळी होती. शंभराहून अधिक वर्षे लोकांनी तिच्यावरून सुटे पैसे आत सरकवले आणि तिकीट बाहेर ओढले, त्यामुळे ती मधोमध वाटीसारखी खोलगट झाली होती. लहानपणी मी त्या खळग्यात बोट फिरवत असे. बाबांच्या निवृत्तीनंतर स्थानकाचे नूतनीकरण झाले आणि दगड फुटून राडारोड्यात गेला. बाबा एकदा सहज म्हणून तिथे गेले होते. परत आल्यावर त्यांनी एवढेच सांगितले, की आता फरशी चकचकीत आहे. त्याबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. कोणाचा वाईट हेतू होता असे मी म्हणणार नाही. ठेवण्यासारखे काय आहे, हे विचारायची वेळच कोणावर आली नाही. त्या दगडाला आधी कोणीतरी पाहायला हवे होते, आणि मान्सेइबाशीत कोणीतरी पाहिले आहे, हाच माझ्या या जागेवरच्या लोभाचा गाभा आहे.

वर फलाटाकडे जायला दोन जुने जिने आहेत आणि त्यांना त्यांच्या सालांचीच नावे दिली आहेत. १९१२ चा जिना पहिल्या स्थानकाचा, जाड घडीव दगडाच्या पायऱ्यांचा. १९३५ चा जिना संग्रहालय येण्याच्या वेळचा, साधा, गिलाव्याचा. दोन्हींमधला फरक पायाला कळतो. एक जिना एका राजधानीच्या शेवटच्या स्थानकाला शोभेल अशा ऐटीने बांधला आहे, दुसरा काटकसरीच्या दिवसांत. बाबा १९१२ च्या पायऱ्या चढून वर आले, मग मुद्दाम खाली उतरून १९३५ च्या जिन्याने पुन्हा चढले. दुसऱ्या जिन्यावर ते मध्येच थांबले आणि बुटाच्या टोकाने पायरीची कड चाचपली. कड अजून बऱ्यापैकी धारदार होती. “वापरच झाला नाही बिचाऱ्याचा,” ते म्हणाले. खरेच आहे. जिना झाल्यापासून सात-आठ वर्षांतच प्रवासी यायचे थांबले. पायऱ्या झिजण्याएवढी माणसे त्यांवरून कधी गेलीच नाहीत. आता जात आहेत.

या ठिकाणाभोवतीच्या गल्ल्यांचाही उल्लेख करायला हवा, कारण त्यांच्याशिवाय कमानींमधले खाणे-पिणे उपरे वाटले असते. सुदाचो-आवाजिचोचा हा लहानसा तुकडा १९४५ च्या बाँबहल्ल्यांतून वाचला, आणि तिथे लाकडी घरांमधली जुनी खाणावळ-दुकाने अजून चालू आहेत. १८८४ पासूनचे मात्सुया हे सोबाचे, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवयांचे दुकान आहे, १८८० पासूनचे याबू सोबा आहे. याबू सोबाची जुनी इमारत फेब्रुवारी २०१३ मध्ये आगीत जळाली, म्हणजे कमानींमधली दुकाने उघडली त्याच वर्षी, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. सोबाच्या रश्शात वाळवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो. बाबा शाकाहारी, त्यामुळे आम्ही ताकेमुरात गेलो. १९३० सालचे हे गोडाधोडाचे दुकान आहे. बसल्याबरोबर खारवलेल्या चेरीच्या फुलाचे गरम पाणी समोर येते. आम्ही आगेमान्जू मागवले. पिठाच्या पारीत लाल चवळीसारख्या कडधान्याचे गोड पुरण भरतात आणि तळून गरमागरम देतात. बाबांनी एक घास घेतला, डोळे मिटले, आणि “वेलदोडा तेवढा राहिला,” असे म्हणून दुसराही संपवला.

अशाच रेल्वेखालच्या जागांची टोकियोत जुनी परंपरा आहे. युराकुचोच्या विटांच्या कमानींखाली धुरकट खानावळी आहेत, उएनोजवळ युद्धानंतर वाढलेला बाजार आहे. आकिहाबारापासून उत्तरेला ओकाचिमाचीच्या वाटेवर, रुळांखाली, कारागिरांच्या कार्यशाळा आणि दुकाने एकत्र असलेले एक ठिकाण २०१० साली सुरू झाले. त्याचे नावच मुळी ‘दोन के पाचशे चाळीस’ असे आहे, म्हणजे टोकियो स्थानकापासून २ किलोमीटर ५४० मीटर. हे ऐकून बाबा इतके खूश झाले की संध्याकाळी पाय दुखत असूनही तिकडे जायचे म्हणाले. रेल्वेच्या माणसासाठी कोणतीही जागा आधी अंतराने ओळखली जाते, नाव मागाहून येते. तिथले पांढरे गोल खांब, खांबांमधून वळत जाणारी वाट, चामड्याचा वास हे सगळे मलाही आवडते. पण माझे मन कमानींकडे जास्त ओढ घेते, याचे कारण बहुधा तो फलाट.

तर त्या फलाटावर आम्ही शेवटी जाऊन बसलो. दुपारचे चार वाजून गेले होते. काचेच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या जागा मिळाल्या. बाबांनी कॉफी मागवली आणि ती निवेपर्यंत तिला हात लावला नाही. पहिली गाडी आली तेव्हा त्यांनी खुर्चीचे हात धरले आणि ते उठून उभे राहिले. मला वाटले, त्यांना नीट दिसत नाही. दुसरी आली, ते पुन्हा उठले. तिसरीला माझ्या लक्षात आले. न थांबणारी गाडी स्थानकातून जाताना स्टेशन मास्तरने फलाटावर उभे राहायचे असते. हिरवा झेंडा दाखवायचा, पूर्ण गाडी डोळ्यांखालून घालायची, कुठे धूर येतो का, काही लोंबते का ते पाहायचे, आणि शेवटच्या डब्यातल्या गार्डशी खूण झाली की मगच आत जाऊन वेळेची नोंद करायची. छत्तीस वर्षांची सवय काचेपलीकडून जाणाऱ्या गाडीला स्वतःची समजत होती. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एकदा वर पाहिले आणि आपली खुर्ची थोडी बाजूला ओढून त्यांना उभे राहायला जागा करून दिली.

मी त्यांना बसा म्हटले नाही. शिंजुकूकडे जाणाऱ्या एका गाडीच्या शेवटच्या डब्यात पांढरे हातमोजे घातलेला कंडक्टर उभा होता. त्याचे लक्ष रुळांवर होते, आमच्याकडे नव्हते. बाबांनी उजवा हात छातीपर्यंत उचलला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तसाच धरला. मग खाली बसून त्यांनी खिशातले पेन काढले, घड्याळ पाहिले आणि टेबलावरच्या कागदी रुमालावर लिहिले: १६.२२. त्याखाली, थोड्या वेळाने, १६.२४. मग १६.२७. आम्ही निघालो तोवर रुमालाची एक बाजू भरली होती आणि त्यांनी तो उलटा केला होता.